साथ सरे तोपर्यंत

कुमार आणि सरिताला दुसरी मुलगी झाली ते साल दोन हजार चोवीस. भाद्रपदात झाली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण पुण्याहून येणाऱ्या तिघांचे व्हिसा अडकले आणि ते कोजागरीनंतरच्या रविवारावर गेलं. तोवर इकडे जर्मनीत, नेकारसुल्मच्या टेकडीवरची द्राक्षं उतरवून झाली होती, आणि मुलीला घरात सगळे नुसतं 'बाळ' म्हणत होते.

आलेले तिघे म्हणजे कुमारचे आईवडील, मोहनराव आणि वसुधाबाई, आणि मोहनरावांची थोरली बहीण साधनाआत्या. आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. विमानतळावर चाकाची खुर्ची आणली तर म्हणाल्या, "यात माझी बॅग ठेवा," आणि स्वतः चालत बाहेर आल्या.

वसुधाबाईंनी आल्या दिवसापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डिंकाचे लाडू वळले, अळिवाची खीर केली, बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घातल्या. सरिताला पाण्याचा पेला उचलू दिला नाही. पण बाळाला घेतलं नाही.

"आई, जरा धरता का हिला? मी तोंड धुऊन येते."

"हात खरकटे आहेत गं माझे. वन्संना दे."

हात कोरडे होते, सरिताला दिसत होते. तिने बाळ आत्याबाईंकडे दिलं.

कारण तिला माहीत होतं. रसाळांच्या घरात पाळणा चालत नाही. कुणाकडे काळी साडी चालत नाही, कुणाकडे नागपंचमीला तवा, तसं रसाळांकडे पाळणा. संगमनेरला विसाजीपंत रसाळ म्हणून पूर्वज होते. त्यांनी दारचा उंबर तोडून पाळणा केला, आणि त्यात निजवलेलं मूल गेलं. साल सतराशे नव्व्याण्णव. तेव्हापासून रसाळांचं मूल पाळण्यात ठेवायचं नाही. बारसं आत्याच्या मांडीवर करायचं, पाटावर बसून. हे साल साधनाआत्यांनी आपल्या आजीकडून ऐकलं होतं आणि त्या ते फोन नंबरासारखं सांगत.

चौऱ्याहत्तर साली वसुधाबाईंना पहिला मुलगा झाला. त्यांना आईवडील नव्हते. राजूरच्या मामांनी वाढवलेलं, शाळा दोन यत्ता. भाचीच्या बाळंतपणाला कमी पडायला नको म्हणून मामांनी पाळणा करून घेतला आणि एसटीच्या टपावर घालून पुण्याला आणला. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. वसुधाबाईंना ठाऊक होतं, पण मामांचं मन मोडवेना. दुपारी सासूबाई झोपल्या की त्या बाळाला पाळण्यात घालायच्या. तीन महिन्यांत बाळ गेलं.

पुढे दहा वर्षांनी कुमार झाला. त्याला सासूबाईंनी वाढवलं. वसुधाबाई पाजायच्या तेवढ्या. कुमारची थोरली ईप्सिता झाली तेव्हा पुण्यातल्या बारशाला त्या शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच होत्या. लहान मुलाला त्या हात लावत नसत, आणि का म्हणून आता कुणी विचारतही नसे.

*

सरिता मुटरशुत्सवर होती, म्हणजे बाळंतपणाची रजा. पाहुणे येईपर्यंत दिवसा घरात दोघीच असत, ती आणि बाळ. तिसरी सोबत म्हणजे खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ एबर्ले. त्यांचं वय साधनाआत्यांच्या आसपास. नवरा गेल्यापासून त्यांनी पूर्वज शोधण्याचा नाद लावून घेतला होता. या भागातली दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं आता संगणकावर बघायला मिळतात. त्या रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन ती वाचत बसत, आजचा पेपर वाचावा तशी.

"माझ्या खापरपणजोबांनी अठराशे शहात्तर साली छत्री हरवल्याची जाहिरात दिली होती," त्यांनी सरिताला सांगितलं. "पुढच्या आठवड्यात दुसरी जाहिरात. छत्री घरातच सापडली, ज्या शेजाऱ्यावर संशय घेतला त्यांची माफी असावी. आमच्या घरात सांगायचे, ते फार करारी होते. छत्रीचं कुणी सांगितलं नाही."

सरिता हसली. मग तिलाही हुरूप आला.

"नाव शोधू नका," फ्राऊ एबर्ले म्हणाल्या. "नाव शोधलं की काही मिळत नाही. शेवटचं पान वाचा. काय विकायला आहे, काय हरवलंय, पावाचा भाव काय. गावाची ओळख झाली की माणसं आपोआप भेटतात."

कुमारने आधी आपल्या पद्धतीने पाहिलं. रसाळ, संगमनेर, १७९९ असं टाकलं आणि लॅपटॉप मिटला. "अगं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रच नव्हतं. पेशवाई होती."

"मग बाकीची सालं बघते."

"बघ. तुला वेळ आहे."

"मला वेळ आहे? दिवसातून आठदा पाजते मी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेव्हा एक हात मोकळा असतो," कुमार म्हणाला, आणि लाडू उचलून कामावर गेला.

नगरकडच्या एका वाचनालयाने 'प्रवरातरंग' नावाच्या साप्ताहिकाचे जुने अंक स्कॅन करून ठेवले होते. सरिता बाळाला पाजताना टॅबलेटवर ते वाचू लागली. व्हिक्टोरिया राणीचा काळ. पण राणीचं नाव क्वचित. बाजरी महाग झाली. दुष्काळी कामावर खडी फोडणारे वाढले. नाटकमंडळी आली होती, तिचा राजा तापाने आडवा झाला म्हणून राणीचं काम करणाराच राजा झाला. चावडीपुढच्या कंदिलात तेल घालणारा तेल घरी नेतो अशी तक्रार. एकाची म्हैस हरवली, शिंग मोडकं, नाव गंगी. चौथ्या दिवशी सरिता त्या गावात राहत असल्यासारखी झाली. गंगी सापडली की नाही याची तिला काळजी लागली.

मग एका अंकाच्या माथ्यावर तिचं लक्ष गेलं. इंग्रजी साल अठराशे सत्त्याहत्तर. शेजारी, शके सतराशे नव्व्याण्णव.

तिने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली आणि त्या वर्षीचं प्रत्येक शेवटचं पान वाचायला घेतलं. श्रावणातल्या एका अंकात, बी-बियाणाच्या आणि चष्म्याच्या जाहिरातींच्या मध्ये, ते होतं.

*

शनिवारी सकाळी सरिता आणि कुमार बाळाला बाबागाडीत घालून नदीपर्यंत गेले. घरात बोलणं शक्य नव्हतं. कुमारने रस्त्यातच तो मजकूर वाचला. दोनदा वाचला.

"हे आईला दाखवायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"का काय? काय सांगणार तिला? की पन्नास वर्षं तू उगाच लांब राहिलीस? त्यात काहीच नव्हतं?"

"आणि नाही सांगितलं तर एक्कावन्न होतील."

कुमार बाबागाडी ढकलत राहिला. त्याला आठवत होतं, तो पहिलीत होता तेव्हा आई त्याच्या शेजारी बसून त्याच्याच पाटीवर अक्षरं गिरवायची. त्याचं बोट धरून नाही, शेजारी बसून. पुढे तिला वाचायचं वेडच लागलं. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायची. ताप आला तर मात्र कपाळावर हात ठेवायला आजीला हाक मारायची. लहानपणी त्याला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात.

"आत्याला कळलं तर बारसं राहील बाजूला," तो म्हणाला. "ती छापलेलं मानणाऱ्यातली नाही. उद्याचा दिवस जाऊ दे. आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे विमानतळावर?"

"सरिता, प्लीज."

"बरं," सरिता म्हणाली. तिने टॅबलेट बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकला.

फक्त एक गोष्ट ती नवऱ्याला सांगायची विसरली. तो मजकूर सापडला त्याच दिवशी तिने आनंदाच्या भरात तो फ्राऊ एबर्लेंना भाषांतर करून सांगितला होता. आणि बारा वर्षांची ईप्सिता तेव्हा तिथेच बसून केक खात होती.

*

दुपारी फ्राऊ एबर्ले वर आल्या. त्यांच्या एका हातात मोठी थाळी होती आणि दुसऱ्या हाताने त्या काहीतरी ढकलत होत्या.

"ग्र्यूस गॉट!" असा नमस्कार करून त्यांनी थाळी आधी आत दिली. द्राक्षं उतरवली की इकडे कांद्याचा केक करतात, तो होता.

"कसला केक?" साधनाआत्यांनी विचारलं.

"कांद्याचा, आत्या."

"केकात कांदा?" आत्याबाई मोहनरावांकडे वळल्या. "माझा चातुर्मास आहे सांग त्यांना. आणि चातुर्मास नसता तरी मी विचार केला असता, हे नको सांगू."

सगळे हसले. फ्राऊ एबर्लेही हसल्या, आणि दाराबाहेर ठेवलेली वस्तू आत ढकलत आल्या. वेताची खोल टोपली, खाली चार लाकडी चाकं, आत धुऊन इस्त्री केलेली पांढरी चादर. त्यांच्या दोन्ही मुलांनी त्यात झोप काढली होती. तळघरातून आणून त्यांनी ती चार दिवस घासली होती.

सरिताचा चेहरा उतरला.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"श्टुबेनवागन," ईप्सिता म्हणाली.

"मराठीत सांग."

ईप्सिताला मराठी सगळं कळे, पण बोलताना जर्मनच येई. तिने शब्द शोधला आणि मराठीत सांगितला. "पाळणा."

वसुधाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या पाठ फिरवून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला. घासायला एकही भांडं नव्हतं.

"आमच्याकडे पाळणा चालत नाही," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्यांना म्हणावं, उपकार झाले. परत न्या."

कुमारने जर्मनमध्ये काहीतरी गुळमुळीत सांगितलं. फ्राऊ एबर्ले गोंधळल्या. त्यांना वाटत होतं, छापलेलं सापडलं म्हणजे मिटलं. त्यांनी ईप्सिताकडे पाहिलं, आणि ईप्सिता बोलून गेली, "आबर दास श्टेट डोख इन डेर त्साइटुंग!"

"काय म्हणाली ही?"

सरिता आणि कुमार एकमेकांकडे बघू लागले.

"मोहन, तुझी नात काय म्हणाली?"

"मला कुठे जर्मन येतं, ताई?"

सरिता म्हणाली, "ती म्हणतेय, ते वर्तमानपत्रात आलेलं आहे. पाळण्याचं. विसाजीपंतांचं."

"सरिता," कुमार म्हणाला.

"आता काय सरिता? निघालंय तोंडातून." तिने टॅबलेट आणला. "आत्या, सतराशे नव्व्याण्णव म्हणता ना तुम्ही, ते शक आहे. इंग्रजी अठराशे सत्त्याहत्तर. म्हणून कुणाला कधी काही सापडलं नाही."

"म्हणजे शाप अठ्ठ्याहत्तर वर्षांनी लहान," मोहनराव हळूच म्हणाले. बहिणीने वळून पाहिलं.

"उंबर नव्हता, आत्या. पाळणा शिसवी होता. आणि शापही नव्हता कुणाचा. वाचू का?"

"छापतात त्यातलं सगळं खरं असतं का?" आत्याबाई म्हणाल्या. "रोजच्या पेपरात काय काय येतं. माझी आजी खोटं बोलायची?"

"खोटं नाही, आत्या. अर्धं."

"अर्धं म्हणजे कोण ठरवणार? तू? उद्या बारसं आहे आणि आज तू हे काढतेस? काल का नाही काढलंस?"

"मीच नको म्हटलं होतं," कुमार म्हणाला.

"बघ. त्याला कळतं." आत्याबाईंनी मांडीवरच्या बाळाला जरा घट्ट धरलं. "ज्याला घरची माणसं कळतात, तो बोलत नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं मला," कुमार म्हणाला.

"मग कसं होतं?"

फ्राऊ एबर्ले उभ्याच होत्या, कोणी बसा म्हटलं नव्हतं. मोहनरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

भांड्यांचा आवाज थांबलेला होता.

"इकडे दे," वसुधाबाई म्हणाल्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि सरितासमोर हात पसरला. "वाचून दाखवू नकोस. मी वाचते."

"आई, अक्षर बारीक आहे. जुनी भाषा आहे—"

"असू दे."

त्या खिडकीशी बसल्या. सरिताने मजकूर मोठा करून दिला. त्या बोट खाली ठेवून वाचू लागल्या. नेहमी वाचायच्या तशाच, ओठ हलवत. मजकूर असा होता:

"सर्व लोकांस कळविण्यांत येतें कीं, आमचे घरचा शिसवी पाळणा आळींतील मंडळी बारशाकरितां नेत असत. हल्लीं देवीची साथ सुरू असून आमची मुलगी त्याच विकारानें वारली. तिचे पूर्वीं व नंतर ज्या ज्या घरीं पाळणा गेला तेथेंही मुलें दुखणाईत झालीं. सबब दवाखान्याचे डाक्टर यांचे सल्ल्यानें पाळणा आम्हीं जाळून टाकिला आहे. साथ सरे तोंपर्यंत आमचे घरीं पाळणा बांधणार नाहीं. कोणी रागास न येतां, आपणही कोणाचा मागूं नये व देऊं नये. विसाजी बल्लाळ रसाळ, संगमनेर."

वाचून झाल्यावर त्या पुन्हा वरून सुरू झाल्या. फ्राऊ एबर्लेंनी कांद्याचा केक कापायला घेतला होता, त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मुलीचं नाव नाही दिलं," वसुधाबाई म्हणाल्या.

"नाही," सरिता म्हणाली. "पुढच्या अंकांतही नाही. मी शोधलं."

"शिसवी पाळणा जाळायचा म्हणजे... त्यांच्या बायकोच्या माहेरचा असेल." त्यांनी टॅबलेट मांडीवर ठेवला. "अहो."

मोहनरावांनी पाहिलं.

"आपल्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते?"

"न्यूमोनिया. मी तेव्हाच सांगितलं होतं तुला."

"तुम्ही एकदा सांगितलंत," वसुधाबाई म्हणाल्या. "सासूबाई रोज सांगायच्या."

मोहनराव खाली बघत राहिले. ते भांडणारे नव्हते. त्यांनी बायकोला कधी बोल लावला नव्हता, आणि आईला कधी अडवलंही नव्हतं. आयुष्यभर ते यातलं पहिलंच तेवढं लक्षात ठेवत आले होते.

आत्याबाई बाळाला घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना भावजयीचा राग आला नव्हता, वर्तमानपत्राचाही नाही. त्या बाळाच्या मुठीकडे पाहत होत्या. पन्नास वर्षांपूर्वी अशीच एक मूठ त्यांनी बोटाभोवती घेतली होती. पाटावर बसून मुलाच्या कानात नाव त्यांनीच सांगितलं होतं, आणि तीन महिन्यांनी त्याला घरातून नेताना दारात त्याच उभ्या होत्या. नंतर आई म्हणाली पाळण्याने नेलं, आणि त्यांना ते बरंच वाटलं होतं. पाळणा टाळता येतो. न्यूमोनिया कसा टाळायचा?

"वन्सं," वसुधाबाई म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटते," आत्याबाई म्हणाल्या. "मी थट्टा करते, पण वाटते. मी मल्हारला मांडीवर घेतलं होतं, वसुधा."

ते नाव रसाळांच्या घरात पन्नास वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. कुमारने ते पहिल्यांदा ऐकलं. आपल्याला भाऊ होता हे त्याला माहीत होतं. त्याला नाव होतं हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मलाही वाटते," वसुधाबाई म्हणाल्या. "आणि विसाजीपंतांनाही वाटली. त्यांनी बरोबर केलं. साथ असती तर मीही पाळणा घरात येऊ दिला नसता." त्यांनी नातीला विचारलं, "ईप्सिता, इथे साथ आहे का कसली?"

ईप्सिताने सगळ्यांकडे पाहिलं. "नाइन," ती म्हणाली. मग आजीसाठी मराठीत म्हणाली, "नाही, आजी."

"मग झालं तर. त्यांनी लिहून ठेवलंय, साथ सरे तोपर्यंत. सरल्याचं आपल्यात कुणी सांगायचं राहून गेलं."

आत्याबाई टोपलीकडे बघत राहिल्या. त्यांना कोणी घाई केली नाही. मग त्या भावाला म्हणाल्या, "मोहन, त्या टोपलीची चाकं हलतात का नीट बघ. एक किरकिरतंय मघापासून."

मोहनराव लगेच उठले. गुडघे धरून खाली बसले आणि चाकं फिरवून पाहू लागले. "तेल लागेल, ताई."

"मग घाल. बसून काय राहतोस!"

फ्राऊ एबर्लेंना शब्द एकही कळला नव्हता, पण तेल हवंय एवढं कळलं. त्या खाली जाऊन शिवणयंत्राचं तेल घेऊन आल्या.

*

रविवारी ब्राउनश्वाइगहून पुष्कर आला. तो कुमारचा मावसभाऊ, तिथे पीएचडी करत होता. कुमारच्या कार्यालयातली दोन मराठी कुटुंबं आली. टोपलीला झेंडूची माळ बांधली. हा झेंडू फ्राऊ एबर्लेंच्या बागेतला, वास नसलेला. घुगऱ्या झाल्या, ओटी झाली.

पाळण्याच्या बारशात बाळाच्या आधी वरवंटा सजवून पाळण्याखालून आणि वरून फिरवायचा असतो. रसाळांकडे दीडशे वर्षांत कोणी पाळण्याचं बारसं केलंच नव्हतं. काय करायचं ते शेजाऱ्यांकडे पाहिल्याइतकंच माहीत. आणि वरवंटा घरात नव्हता.

"मिक्सरचं भांडं फिरवू?" पुष्कर म्हणाला.

"तुझ्या बारशाला फिरवलं असणार," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणूनच डोक्यात सारखं फिरतंय काहीतरी."

शेवटी फ्राऊ एबर्लेंनी कोबी खारवताना बरणीत वजन म्हणून ठेवतात तो गुळगुळीत दगड धुऊन आणला. त्याला हळदकुंकू लावलं, टोपडं घातलं. दगडाला टोपडं बघून त्या पोट धरून हसल्या, पण तो फिरवताना गंभीरपणे उभ्या राहिल्या.

मग बाळाची पाळी आली. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी लागतात. एकीने द्यायचं, दुसरीने घ्यायचं. साधनाआत्या एका बाजूला उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला सरिताची मैत्रीण पुढे झाली.

"तू थांब जरा," आत्याबाई तिला म्हणाल्या. "वसुधा, ये."

वसुधाबाई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून होत्या. त्या आल्या. पदर खोचला. हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले.

"कोणी गोविंद घ्या," आत्याबाई म्हणाल्या आणि बाळ पाळण्याखालून पुढे केलं.

वसुधाबाईंनी घेतलं. त्यांना मान सावरायची आठवण राहिली आहे की नाही, म्हणून सरिताचा हात नकळत पुढे गेला होता. तो तिने मागे घेतला. मान बरोबर सावरली होती.

"कोणी गोपाळ घ्या," असं म्हणून वसुधाबाईंनी बाळ वरून परत द्यायचं होतं. आत्याबाई हात पसरून उभ्या होत्या. वसुधाबाई बोलल्या नाहीत आणि दिलंही नाही.

"वसुधा, दे गं. मुहूर्त आहे."

"थांबा वन्सं," वसुधाबाई म्हणाल्या. "आत्ताच तर घेतलंय."

आत्याबाईंनी हात खाली घेतले. मग मोहनरावांनी न सांगता एक खुर्ची आणून बायकोच्या मागे ठेवली. बायका पाळणा म्हणू लागल्या, जिला जो येत होता तो, आणि बाळ वसुधाबाईंच्या मांडीवर झोपून गेलं. शेवटी नाव तिथेच, मांडीवरच्या बाळाच्या कानात आत्याबाईंनी वाकून सांगितलं. स्वानंदी. आणि टोपलीत तिला मग ठेवलं, वसुधाबाईंनीच ठेवलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर वसुधाबाईंनी सरिताला विचारलं, "इथे अजून छापतात का गं असं? माणसाने आपलं लिहून द्यायचं आणि पेपरात यायचं, तसं?"

"छापतात. गावचं साप्ताहिक येतं ना, खालच्या पेटीत टाकतात ते. जन्म, लग्न, वर्षश्राद्ध, सगळं येतं."

"मग एक द्यायचंय."

मजकूर त्यांनी मराठीत सांगितला, कुमारने जर्मनमध्ये लिहिला. आत्याबाई शेजारी बसून ऐकत होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "साल घाल नीट. शक नको घालूस, पुढच्यांचे हाल होतात."

आठ दिवसांनी ते शेवटच्या पानावर आलं, हिवाळी टायरच्या आणि हरवलेल्या मांजराच्या जाहिरातींच्या मध्ये. त्यात लिहिलं होतं की स्वानंदी रसाळ हिचा जन्म सप्टेंबर दोन हजार चोवीसमध्ये नेकारसुल्म इथे झाला. तिच्या आधी या घरातली दोन मुलं लहानपणी गेली. विसाजी बल्लाळ रसाळ यांची मुलगी अठराशे सत्त्याहत्तर साली संगमनेरला देवीच्या साथीत वारली, तिचं नाव माहीत नाही. वसुधा आणि मोहन रसाळ यांचा मुलगा मल्हार डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये पुण्यात न्यूमोनियाने वारला.